मांड पक्की, पण पाय शाबूत: नव्या घोडेस्वारांसाठी

घोडेस्वारीचा पहिला तास संपतो तेव्हा काहीच जाणवत नाही. अंगात वारं भरलेलं असतं. जाणवतं ते घरी आल्यावर, आंघोळीच्या पहिल्या तांब्याबरोबर. गुडघ्याच्या आतल्या बाजूला पाणी लागतं आणि माणूस कळवळतो. दुसऱ्या दिवशी पोटरीवर जांभळे चिमटे, नडगीवर वळ आणि जिना उतरताना नवख्या स्वाराची ती फेंगडी चाल. "होतं असं सुरुवातीला, कातडी निबर झाली की थांबतं," असं तबेल्यात कोणीतरी सांगतंच. मी त्यावर विश्वास ठेवून दीड महिना काढला. कातडी काही निबर झाली नाही. रिकिबी दोन भोकं खाली होत्या, एवढंच शेवटी निघालं.

हे सगळं इंग्रजी पद्धतीच्या खोगिरावर शिकणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण शहरांतल्या बहुतेक रायडिंग स्कूलमध्ये तेच असतं. तिथे खोगिराला सॅडल, रिकिबीला स्टिरप आणि तंगाला (घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याला) गर्थ म्हणतात. शिकवणारे पुष्कळदा फौजेतून निवृत्त झालेले असतात, म्हणून त्यांना उस्ताद म्हणायची पद्धत. मी जुने-नवे दोन्ही शब्द वापरेन, म्हणजे उस्ताद रिंगणाच्या मधोमध उभे राहून काय ओरडतायत ते कळायला सोपं जाईल.

आधी वळ कुठे उठलेत ते बघा

काहीही विकत घेण्याआधी आरशासमोर उभं राहून दोन्ही पाय नीट तपासा. कुठे लागलंय त्यावरून का लागलंय ते बऱ्यापैकी कळतं.

गुडघ्याच्या आतल्या बाजूचं सालटं गेलं असेल तर तुम्ही गुडघ्यांनी खोगीर आवळताय, नाहीतर पँटची शिवण नेमकी तिथे येतेय. बहुधा दोन्ही. पोटरीच्या आतल्या अंगाला बारीक जांभळे चिमटे दिसले तर ते रिकिबीच्या पट्ट्याचं काम. पट्टा आणि खोगिराचा फ्लॅप (बाजूला लोंबणारं रुंद चामडं) यांच्यामध्ये कातडी सापडते. नडगीवर उभा वळ असेल तर पट्टा पिळलेला आहे आणि सपाट बाजूऐवजी त्याची कड लागतेय. घोट्याच्या जरा वर, पुढच्या बाजूला काळंनिळं झालं असेल तर पाय रिकिबीत फार आत जातोय, किंवा तो निसटतोय आणि मोकळं लोखंड येऊन आदळतंय. मांडीच्या वरच्या भागात रुपयाएवढा एकच ठसठसणारा डाग म्हणजे पट्ट्याचं बकल. आणि माकडहाडापाशी सोलवटलं असेल तर दुडकी चालीत तुम्ही खोगिरावर आपटताय.

खुणा एकाच पायाला असतील तर आणखी सोपं. घोड्यावर आपण नेहमी डावीकडून चढतो, सगळं वजन डाव्या पट्ट्यावर येतं आणि चामडं हळूहळू ताणतं. मग दोन्ही पट्टे सहाव्या भोकात असले तरी डावी रिकीब बोटभर खाली लोंबते. स्कूलच्या जुन्या खोगिरांवर हे सर्रास दिसतं. भोकं मोजून भागत नाही; घोड्यासमोर उभं राहून दोन्ही रिकिबी एका रेषेत आहेत का ते डोळ्यांनी बघायचं. कमीजास्त दिसल्या तर सईसाला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, सांगून डावा-उजवा पट्टा अदलाबदल करून घ्या. चढताना ओट्यावरून किंवा ठोकळ्यावरून चढलात तर पट्टाही ताणत नाही आणि घोड्याच्या पाठीलाही हिसका बसत नाही.

मांड म्हणजे काय, हा गैरसमज

चांगल्या स्वाराचं कौतुक करताना आपण "मांड पक्की आहे" म्हणतो. शब्द ऐकला की मांडीच डोळ्यासमोर येते आणि नवखा माणूस घोड्याला दोन्ही मांड्यांत करकचून धरतो. सोलवटण्याचं खरं मूळ तिथे आहे. कपडे, क्रीम, चॅप्स (पोटरीवरचं चामडी वेष्टन) हे सगळं त्याच्यानंतरचं.

ओल्या साबणाची वडी मुठीत दाबली की ती वर सटकते. गुडघे दाबले की तुमचंही तेच होतं. बूड खोगिरावरून उचललं जातं, पोटऱ्या मागे झुलायला लागतात, रिकीब सुटते, भीती वाटते, आणि भीती वाटली की माणूस आणखी दाबतो. दाब आणि हालचाल एकाच जागी आली की कातडी जाणारच.

दुडकी, म्हणजे ट्रॉट, ही दोन ठोक्यांची चाल. रायझिंग ट्रॉटमध्ये स्वार एका ठोक्याला उठतो आणि दुसऱ्याला बसतो. मिनिटाला साधारण सत्तर-ऐंशी उठबशा होतात. दहा मिनिटांत सातशेच्या वर. गुडघा दाबून ठेवून केल्या तर तितक्याच वेळा तीच कातडी तिथल्या तिथे घासली जाते. उठताना जोर तळपायातून आणि मांडीच्या आतून यावा, गुडघा नुसता बिजागरीसारखा मिटावा-उघडावा. सरळ वर उडी मारायची नसते. कंबर जराशी पुढे, लगामाच्या दिशेने न्यायची आणि परत हलकेच टेकायची. घोड्याची चालच तुम्हाला निम्मं उचलते.

पकड सैल करायला शिकण्यासाठी एक साधा प्रकार आहे. उस्तादांनी किंवा सईसाने घोडा धरलेला असताना, चालीवर, म्हणजे तो सावकाश चालत असताना, दोन्ही पाय रिकिबीतून काढा. दोन्ही मांड्या खोगिरापासून क्षणभर दूर उचला आणि सोडून द्या. आपल्याच वजनाने पडलेला पाय जिथे स्थिरावतो ती त्याची जागा. मग रिकीब त्या पायाशी यायला हवी. पायाने रिकीब शोधत खाली जायचं नाही. दर फेरीला एकदा स्वतःला विचारा की खोगीर आणि गुडघा यांच्यामध्ये कोणी बोटं सरकवली तर सरकतील का. आणि बोलत राहा, गाणं म्हणा, पाढे म्हणा, काहीही. श्वास कोंडला की मांड्या आपोआप आवळतात, आणि बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. मी आरत्या म्हणायचो. घोड्याची तक्रार नव्हती.

टाच खाली, हे उस्तादांचं पालुपद. पण ती ढकलून खाली नेली की घोटा ताठतो आणि सगळा पाय पुढे जातो. वजन टाचेत नुसतं उतरू द्यायचं. बाजूने पाहिलं तर कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत दिसावीत. मोबाईलवर कोणाकडून तरी एक मिनिटाचं चित्रीकरण करून घ्या. स्वतःला वाटतं त्यापेक्षा वेगळंच दिसतं.

पोशाखात तरी शिलेदार व्हा

मराठ्यांच्या घोडदळात बारगिराला घोडा आणि हत्यारं सरकारातून मिळत, शिलेदार ती स्वतःची घेऊन येई. रायडिंग स्कूलमध्ये आपण बारगीर. घोडा त्यांचा, खोगीर त्यांचं, आज कुठलं मिळेल ते उस्तादांच्या हाती. पण कमरेखाली जे चढवायचं ते तुमचं आहे, तिथे हयगय नको.

जीन्स घालू नका. तिची आतली शिवण जाड, दुहेरी आणि बरोबर गुडघ्याच्या आतून जाणारी. तासाभरात ती करवतीसारखी लागते. सैल कॉटन ट्रॅक पँट दुसऱ्या टोकाची: ती वर चढते, गुडघ्यामागे गोळा होते आणि चुण्या कातडीला चावतात. पाय पूर्ण झाकणारी, अंगासरशी, ताणली जाणारी आणि आतून शिवण नसलेली पँट हवी. पहिल्या चार-सहा तासांसाठी जाडसर योगा लेगिंग किंवा सायकलवाल्यांची लांब टाइट्स पुरेशी आहे, पुरुषांनाही. लाजायचं काही कारण नाही. फार गुळगुळीत कापड मात्र टाळा, कारण घसरलात की परत आवळणं आलंच.

स्वारी सुरू ठेवायचं ठरलं की जोधपूर किंवा ब्रीचेस, म्हणजे खास स्वारीच्या विजारी, घ्या. जोधपूरच्या सर प्रतापसिंहांनी 1897 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवासाठी आपला पोलो संघ इंग्लंडला नेला आणि मांडीला सैल, गुडघ्याखाली घोट्यापर्यंत चुडीदारासारखी चपखल अशी ही विजार तिथल्या लोकांना आवडली, तिथून ती जगभर गेली. आताच्या जोधपूर मांडीलाही तंगच असतात, पण मूळ युक्ती तीच: गुडघ्याखाली चुणी नाही आणि गुडघ्याच्या आत मऊ ठिगळ, ज्यामुळे शिवण खोगिरापासून दूर राहते. दुकानात उभं राहून घालून बघू नका, खुर्चीवर उलटं, पाठीकडे तोंड करून बसून बघा. जिथे टोचेल ते तिथेच कळेल.

आतल्या कपड्यांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. जांघेतलं इलॅस्टिक आणि जाड शिवण हीच तिथल्या जखमेची कारणं. मांडीपर्यंत येणारे, शिवण सपाट असलेले, घाम बाहेर टाकणारे कपडे घ्या. सुती कापड आपल्या दमट हवेत घाम पिऊन बसतं आणि ओलं कापड कोरड्यापेक्षा जास्त घासतं. कोकण-मुंबईच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

आता पोटऱ्या. इथे पैसे खर्च करायचेच असतील तर हाफ चॅप्सवर करा. गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत पोटरीला गुंडाळलेलं, बाजूला चेन असलेलं चामड्याचं किंवा स्वेडचं वेष्टन. पट्ट्याचे चिमटे त्यांनी जवळजवळ बंद होतात. पोटरीचा घेर आणि गुडघ्याखालची उंची मोजून घ्या. बसल्यावर वरची कड गुडघ्यामागे टोचता कामा नये. नवीन चॅप्स सुरुवातीला जरा उंच वाटतात, चामडं घोट्यापाशी बसलं की खाली येतात. त्यांच्या आत गुडघ्यापर्यंतचे पातळ मोजे. फौजेतले लोक पोटरीला कापडाची पट्टी गुंडाळायचे. इंग्रजीतला तिच्यासाठीचा 'puttee' हा शब्दही आपल्या 'पट्टी'वरूनच गेला. पण घरच्या क्रेप बँडेजने हा प्रयोग करू नका. सैल बांधली तर सुटून रिकिबीत अडकते, घट्ट बांधली तर पाऊल बधिर होतं. चॅप्स मिळेपर्यंत फुटबॉलचे जाड लांब मोजे बरे.

बुटांना छोटी टाच हवी, साधारण बोटभर जाडीची, आणि तळवा सपाट. धावण्याच्या बुटांचा रुंद तळ रिकिबीत अडकतो, आणि पडताना पाय अडकणं ही साध्या खरचटण्यापेक्षा फार गंभीर गोष्ट. रिकीब बुटापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असावी. अरुंद असेल तर बदलून मागा, संकोच करू नका.

खरेदीसाठी डेकॅथलॉनचा फूगान्झा हा घोडेस्वारीचा ब्रँड नवख्यांना सोयीचा आहे. चामड्याचं सामान हवं असेल तर कानपूरचं बघा, खोगिरं आणि घोड्याचं सामान बनवणारं ते जुनं गाव आहे.

चढण्याआधी पाच मिनिटं

सईस घोडा कसून तयार आणून देतो आणि आपण टांग टाकतो. हीच घाई नडते. रोज एकाच क्रमाने हे करा.

तंग तपासा. पुष्कळ घोडे कसताना पोट फुगवतात आणि मग सोडतात. खोगीर सरकायला लागलं की तुम्ही भीतीने धरून बसणार. चढण्याआधी एकदा आणि चालीवर दोन फेऱ्या झाल्यावर पुन्हा एकदा तंग बघायचा.

मग रिकिबीची लांबी. बोटांची टोकं खोगिरावर, जिथे पट्टा अडकवलेला असतो त्या लोखंडी पट्टीवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने रिकीब ताणून काखेत आणा. तळ काखेला टेकला की लांबी साधारण बरोबर. हा अंदाज आहे. खरी परीक्षा वर बसल्यावर. पाय रिकिबीतून काढून सैल सोडा, रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी आला पाहिजे. फार लांब असेल तर दर ठोक्याला पाय रिकीब शोधत खाली जातो आणि पोटरी झुलते. फार आखूड असेल तर गुडघा खोगिराच्या पुढच्या गादीवर चढतो आणि तिथेच सोलतो.

बकल. पट्ट्याचं बकल वर, पट्टीला भिडलेलं असायला हवं. ते चार बोटं खाली राहिलं तर बरोबर मांडीखाली येतं, आणि मग तो रुपयाएवढा डाग. लांबी बदलल्यावर पट्ट्याचा आतला पदर खाली ओढला की बकल आपोआप वर सरकतं. पट्ट्याचं उरलेलं टोक मागे नेऊन खोगिराच्या कप्प्यात खोचा.

वर बसून लांबी बदलायची वेळ येतेच. त्या वेळी पाऊल रिकिबीतून काढू नका, फक्त वजन कमी करा. एका हातात लगाम, दुसऱ्या हाताने पट्ट्याचं टोक वर ओढून तर्जनीने बकलाचा काटा हव्या त्या भोकात घाला. शेवटी बकल परत वर. पहिल्यांदा गोंधळ उडतो, म्हणून उभ्या घोड्यावर दहा वेळा करून हात बसवा.

आता पट्ट्याचा पीळ, जो मला सगळ्यात उशिरा समजला. मोकळी रिकीब घोड्याच्या अंगाला चिकटून लोंबते, पाऊल घालायला ती चौथाई फिरवावी लागते. कोणत्या बाजूने फिरवली यावर नडगीचं भवितव्य. रिकिबीची पुढची कड बाहेर, तुमच्या दिशेने काढा आणि मग पाऊल घाला. पट्टा नडगीवर सपाट बसतो. उलट फिरवली तर त्याची कड तासभर हाडावर घासते. उजवी रिकीब वर बसल्यावर न बघता चाचपडत घेतली जाते, म्हणून उजव्या नडगीला जास्त लागतं. रिकीब निसटून परत पकडलीत की दर वेळी हाताने पट्टा चाचपून बघा. पाऊल चवड्यापर्यंतच आत, जिथे ते सगळ्यात रुंद असतं तिथवर.

घासणाऱ्या जागांवर आधीच पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, पण तो कपड्याच्या आत, कातडीवर. खोबरेल तेल चालतं, मात्र ते कापडातून झिरपून खोगिराला लागतं आणि सईसाच्या शिव्या खाव्या लागतात. टाल्कम पावडर घाम आल्यावर गोळ्या धरते आणि वाळूसारखी लागते.

पहिले काही तास चाळीस-पंचेचाळीस मिनिटांपेक्षा जास्त ओढू नका आणि दुडकी दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत करा. दोन स्वाऱ्यांत एक-दोन दिवस सोडा. चरचरायला लागलं की उस्तादांना सांगा आणि चालीवर या. दुखरा पाय वाचवताना बैठक वाकडी होते आणि मग दुसरा पायही जातो.

माथेरानला जाणार असाल तर

गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तिथून पुढे पुष्कळ लोक आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसतात, तेही हाफ पँट आणि चपलेत. हा लेख वाचून तरी पूर्ण पायाची लेगिंग, लांब मोजे आणि बंद बूट घाला. घोड्यावर आधीच्या गिऱ्हाइकाच्या मापाची रिकीब असते. निघण्याआधी घोडेवाल्याला सांगा, "मामा, रिकीब माझ्या मापाची करून द्या." अर्ध्या मिनिटाचं काम असतं, ते आनंदाने करतात. लाल मातीच्या उतारावर खांदे जरा मागे आणि पाय किंचित पुढे; पुढे झुकलात की गुडघे खोगिरावर आदळतात. मामा लगाम धरून चालत असतील तर तुम्हाला मांड्या आवळायचं कारणच नाही. गप्पा मारा.

तरीही लागलंच तर

मुका मार असेल तर पहिल्या दोन दिवसांत बर्फ, कापडात गुंडाळून, पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. पाय उंच ठेवा. चोळू नका, गरम शेक लगेच नको. डाग जांभळ्याचा हिरवट आणि मग पिवळा होत जातो, कारण साचलेल्या रक्ताचा रंग शरीर हळूहळू मोडून काढत असतं. दोनेक आठवड्यांत तो जातो.

सालटं गेलं असेल तर स्वच्छ पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, टिपून कोरडं करा, पेट्रोलियम जेली लावून न चिकटणारं ड्रेसिंग ठेवा. आजीची हळद उघड्या जखमेवर नको, आणि स्पिरिट तर नकोच. जागा बुजेपर्यंत स्वारी बंद. घाईने परत बसलात तर तीच जागा पुन्हा उघडते, हे मी दोनदा करून पाहिलंय.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात, आणि तबेल्यात या दोन्हींची कमतरता नाही. शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांपूर्वी किंवा त्याआधी झालं असेल, किंवा कधी झालं ते आठवतच नसेल, तर पहिल्या तासाआधीच डॉक्टरांना भेटा. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना छोट्या धक्क्यानेही मोठे डाग पडतात, त्यांनीही आधी विचारून घ्यावं. पोटरी टणक होऊन फुगली, पाऊल बधिर पडलं, दुखणं दिवसागणिक वाढलं किंवा जखमेभोवती लाली पसरून ताप आला, तर बर्फात वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि घरी आल्यावर पँट उलटी करून बघायची सवय लावा. कुठली शिवण काळी पडलीय, कुठे कापड झिजून चकाकतंय, ते पुढच्या वेळी रिकिबी वर घ्यायच्या की खाली ते उस्तादांच्याही आधी सांगतं.